जोडसंसाराचें दुसरें फळ

एकाद्या लेखकाच्या पहिल्या ग्रंथाकडे लोक कुतूहलानें पाहतात, दुसऱ्याकडे हिशेबानें. पहिल्या वेळीं "हा कोण?" एवढाच प्रश्न असतो, दुसऱ्या वेळीं "याच्यापाशीं आणखी कांहीं शिल्लक आहे काय?" असें विचारलें जातें, आणि त्याचें उत्तर देतांना भल्याभल्यांची तारांबळ उडते. तोच लेखक जर आधींच दुसरीकडे नांवारूपास आलेला असेल, त्याचा मुख्य संसार अन्यत्र थाटलेला असेल, आणि हातीं घेतलेला ग्रंथ म्हणजे एका मित्राच्या सोबतीनें फावल्या वेळीं केलेला उद्योग असेल, तर तिसराहि एक प्रश्न उभा राहतो: आपल्या घरीं ज्याला करतां आलें नसतें असें यानें या दुसऱ्या बिऱ्हाडीं काय केलें?

पाश्चात्त्य संगीताच्या 'मेटल' नांवाच्या शाखेंत असलीं दुसरीं बिऱ्हाडें पुष्कळ आढळतात. एका वाद्यवृंदाचा गायक आणि दुसऱ्या वाद्यवृंदाचा वादक आपापलीं घरें न मोडतां एकत्र येतात, एक गीतसंच ध्वनिमुद्रित करितात आणि आपापल्या वाटेनें परत जातात. बहुतेकांची मजल एका संचापलीकडे जात नाहीं. ज्यांची गेली त्यांपैकीं 'डीमन्स अँड विझर्ड्‌स' या जोडीचा दुसरा अल्बम 'टच्ड बाय द क्रिम्झन किंग' हा आम्हीं परीक्षणासाठीं घेतला आहे. तो २००५ सालच्या जून महिन्यांत प्रसिद्ध झाला. इतक्या वर्षांनंतर त्याचा परामर्श कां घ्यावा, असें कोणी विचारील. या काळांत त्या दोघां भागीदारांचें जें झालें, त्यामुळें हा संच पुन्हा ऐकणें हा आतां निव्वळ करमणुकीचा विषय राहिलेला नाहीं, हें एक कारण. आणि अचलपुरासारख्या गांवींसुद्धां अठरा-वीस वर्षांचीं मुलें कानांत यंत्र अडकवून हेंच संगीत ऐकत बसतात व त्यांच्या आईबापांस तें काय आहे याचा पत्ता नसतो, हें दुसरें.

प्रथम माणसांची ओळख करून देऊं. हान्सी क्यूर्श हा जर्मनींतील क्रेफेल्ड शहराचा. तेथील 'ब्लाइंड गार्डियन' या वृंदाचा तो गायक. हा वृंद कथागायकांचा म्हणून प्रसिद्ध आहे. टोल्किन या इंग्रज पंडिताच्या पुराणसदृश कथांवर त्यांनीं १९९८ सालीं एक संपूर्ण संच रचिला होता. दुसरा भागीदार जॉन शाफर हा अमेरिकन. फ्लॉरिडा प्रांतांतील टँपा येथें नांवारूपास आलेल्या 'आइस्ड अर्थ' या वृंदाचा संस्थापक, गिटारवादक आणि सर्वाधिकारी. सर्वाधिकारी हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतों. कारण त्याच्या वृंदांत गायक आले आणि गेले, वादक आले आणि गेले, शाफर मात्र आपल्या जागीं कायम राहिला. दोन्ही वृंद पूर्वीं एकत्र दौऱ्यावर गेले असतां यांची मैत्री जमली. त्या मैत्रीचें पहिलें फळ दोघांच्या जोडनांवानेंच २००० सालाच्या सुमारास लोकांपुढें आलें. 'डीमन्स' म्हणजे राक्षस, 'विझर्ड्‌स' म्हणजे जादूगार. शाफरचें दणदणीत वादन हा राक्षसांचा भाग आणि क्यूर्शची कथनशैली हा जादूगारांचा, असा अर्थ श्रोत्यांनीं लाविला तर तो चुकीचा होणार नाहीं.

आतां या संगीताविषयीं चार शब्द. सुशिक्षित घरांतून त्याच्यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप ठरलेला असतो: हें गाणें नव्हे, गोंगाट आहे. आक्षेप घेणाऱ्यांचा आम्हांस राग येत नाहीं. गणपतीच्या आणि लग्नाच्या मिरवणुकींत भिंती हादरविणारे कर्णे ज्यांनीं सोसले आहेत, त्यांनीं मोठ्या आवाजाचा धसका घेतला तर तें स्वाभाविकच होय. परंतु मोठा आवाज आणि बेशिस्त आवाज या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'पॉवर मेटल' म्हणून जो प्रकार आहे तो उलट फाजील शिस्तीचा आहे. त्याचा दोष असलाच तर तो कवाइतीचा आहे, गोंधळाचा नव्हे. शाफरच्या उजव्या हाताचेंच उदाहरण घ्या. गिटारीच्या तारा तळहाताच्या कडेनें किंचित् दाबून तो एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व असे आघात अखंड काढीत जातो. आमच्या वृत्तशास्त्रांत यालाच भगण म्हणतात. तीन भगण आणि पुढें दोन गुरु आले म्हणजे दोधक वृत्त होतें, हें जुन्या शाळांतून शिकलेल्यांस आठवत असेल. हा भगण मिनिटांमागून मिनिटें न थकतां, न चुकतां दौडत राहिला म्हणजे शंकरपटांत जोडी सुटतांना छातींत जशी धडधड होते तशी होते. या दौडीचा परिणाम कानावर होण्यापूर्वीं शरीरावर होतो. कवितेच्या वृत्ताचेंहि मूळ काम तेंच असतें.

क्यूर्शचा विशेष निराळा आहे. १९९५ नंतर त्यानें हातांतील बास गिटार खालीं ठेविली आणि सर्व लक्ष गळ्याकडे दिलें. त्याचा आवाज मुळांत खरखरीत, टोंकदार. परंतु ध्वनिमुद्रणशाळेंत तो आपल्याच आवाजाचे थरावर थर चढवितो, आणि ध्रुपदाची ओळ आली कीं शेंकडों माणसांनीं एकदम उचलल्यासारखी ती उसळून वर येते. वारीच्या दिंडींत जो अनुभव हजार गळ्यांनीं येतो, तो हा गृहस्थ एका गळ्यानें आणि यंत्राच्या साहाय्यानें उत्पन्न करितो. यांत कौशल्य आहे हें उघड आहे. पण दिंडींत प्रत्येक गळा निराळा असतो, कोणी अर्धा सूर खालीं, कोणी अर्धी मात्रा मागें. त्या विषमतेंतून जी ऊब येते ती एकाच गळ्याच्या शंभर प्रतींतून येत नाहीं. आमच्या वऱ्हाडांत खंजिरीच्या तालावर तुकडोजी महाराजांचीं भजनें ज्यांनीं गांवकऱ्यांच्या तोंडून ऐकिलीं आहेत, त्यांस आम्ही काय म्हणतों तें लागलींच कळेल. क्यूर्शचा समूहस्वर भव्य असतो, उबदार क्वचितच. या संचाच्या परीक्षणांत या मुद्द्याकडे आम्हांस पुन्हा यावें लागणार आहे.

दोन घराण्यांचे दोन अग्रणी एका रंगभूमीवर येणें ही गोष्ट मराठी माणसास नवी नाहीं. ८ जुलै १९२१ या दिवशीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं 'संयुक्त मानापमान' झालें; बालगंधर्वांची भामिनी आणि ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांचा धैर्यधर यांची गांठ पडली, आणि त्या रात्रीची कथा अजूनहि वृद्ध मंडळी आपल्या वडिलांकडून ऐकलेली म्हणून सांगतात. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत केशवराव वारले. त्या प्रयोगांत आणि या गीतसंचांत एक मूलभूत फरक आहे. खाडिलकरांचें नाटक १९११ पासून रंगभूमीवर होतें, गोविंदराव टेंब्यांच्या चाली ठरलेल्या होत्या. दोन नटांनीं तयार मखरांत येऊन बसावयाचें होतें. ईर्ष्येला वाव होता, पण घर नवें बांधावयाचें नव्हतें. शाफर आणि क्यूर्श यांना मखरहि स्वतःच करावयाचें होतें. एकानें चाल आणि वादनाचा सांगाडा रचावा, दुसऱ्यानें त्यावर शब्द आणि गायकी चढवावी, असा त्यांचा व्यवहार. अशा व्यवहारांत खरी कसोटी लागते ती एकानें दुसऱ्यासाठीं किती जागा सोडली याची.

पहिल्या संचांत ती जागा सुटली होती. 'हेवन डिनाइज'च्या आरंभापासून कोणीतरी कोणाला तरी ओढून नेत आहे असा भास होत राहतो. कधीं वादन गायकाला फरफटत नेतें, कधीं गायक वादनाला अडवून धरितो. 'फिडलर ऑन द ग्रीन' या मृत्युविषयक गीतांत शाफरनें आपली सारी दौड आंवरून धरिली आहे, आणि केवळ त्या आंवरण्यानें गीताला करुणरस प्राप्त झाला आहे. आपल्या मुख्य संसारांत जें करण्याची सोय नव्हती तें दोघांनींहि तेथें केलें: क्यूर्शचा फापटपसारा कमी झाला आणि शाफरचा कठोरपणा विरघळला. पहिला संच मोठा नव्हे, पण तो खरोखरीच दोघांचा आहे.

दुसऱ्या संचाची तयारी होत होती त्या वर्षांत दोघांचेहि मुख्य संसार फार विस्तारले होते. ब्लाइंड गार्डियननें २००२ सालीं 'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा संच काढला. त्यांतील शेवटचें गीत चौदा मिनिटांचें असून आवाजाच्या थरांची इतकी दाटी त्यांत आहे कीं पहिल्या श्रवणांत माणूस गुदमरतो. आइस्ड अर्थनें २००४ सालीं अमेरिकेच्या इतिहासावर 'द ग्लोरियस बर्डन' काढला आणि गेटिसबर्गच्या रणसंग्रामाला अर्ध्या तासाहून अधिक जागा दिली. म्हणजे एकजण पुराणांत खोल उतरला होता, दुसरा स्वदेशाच्या इतिहासांत. दोघांस जोडणारी वाट आतां पूर्वींपेक्षां लांब झाली होती, आणि ती त्यांनीं एका तिसऱ्याच लेखकाच्या अंगणांतून काढली.

हा लेखक म्हणजे स्टीफन किंग. भयकथांचा कारखानदार म्हणून त्याची संभावना करणारे टीकाकार पुष्कळ आहेत. पण 'द डार्क टॉवर' ही त्याची सात खंडांची कादंबरी १९८२ सालीं सुरू होऊन २००४ सालीं पुरी झाली (आठवा खंड २०१२ सालीं मागाहून आला), आणि तिचें बीज ब्राउनिंगच्या १८५५ सालच्या एका काव्यांत आहे. एक एकाकी बंदूकधारी वीर उजाड जगांतून एका काळ्या मनोऱ्याचा शोध करीत जातो. त्या मनोऱ्याचा नाश करूं पाहणारा जो लाल राजा, तोच या संचाच्या नांवांतला 'क्रिम्झन किंग'. अचलपूरच्या वाचकांस मनोऱ्याचें आकर्षण समजावून सांगण्याची गरज नाहीं. गांवाबाहेर हौज कटोऱ्याचा अष्टकोनी मनोरा जलाशयाच्या मधोमध एकटा उभा आहे. त्याच्याकडे पाहून ज्याच्या मनांत एकाद्या राजाची, कैद्याची किंवा भुताची गोष्ट आली नाहीं असा पोरगा या गांवांत झाला नसेल. ओसाड मनोरा आपली कथा आपणच मागतो. क्यूर्शला तर ही कथा जुनीच परिचित होती. १९९२ सालच्या 'समव्हेअर फार बियाँड' या गीतांतहि त्यानें तिचाच आधार घेतला होता. तेव्हां कादंबरी अर्धवट होती आणि गायक तरुण होता. २००५ सालीं कादंबरी पुरी झाली होती.

दहा गीतांपैकीं तीन या कथेचीं आहेत. पहिलें 'क्रिम्झन किंग' सात मिनिटांहून मोठें. लाल राजाचा मोह कसा पडतो, हें त्यांत ध्वनित केलें आहे. ध्रुपदाला समूहस्वर उसळतो तो भक्तांचा नव्हे, बळी पडलेल्यांचा वाटतो. वर ज्याला आम्हीं ऊब नसलेला समूहस्वर म्हटलें तो येथें नेमका योग्य जागीं पडला आहे: एका सत्तेपुढें हजारोंनीं एकच आवाज काढावा आणि त्यांत एकाचाहि निराळा गळा ऐकूं येऊं नये, हीच तर या राजाच्या राज्याची खूण! हा अर्थ रचनाकारांनीं योजून आणला कीं सहज साधला, याचा निर्णय आम्ही करीत बसत नाहीं. परिणाम साधला आहे, आणि या संचांतील सर्वांत विचारगर्भ स्थळ तेंच आहे.

'टेरर ट्रेन' हें दुसरें. कादंबरींत एक बोलणारी, वेडी झालेली आगगाडी आहे. तिला कोड्यांचा नाद, आणि न सुटणारें कोडें उतारूंनीं घातलें नाहीं तर ती स्वतःसह सर्वांचा चुराडा करणार. विषय म्हणजे शाफरच्या भगणासाठीं जणूं रूळच टाकून ठेविले आहेत. पण गंमत अशी कीं विषय फार सोयीचा मिळाला म्हणजे कलावंत आळसावतो. गाडी धांवते हें पहिल्या अर्ध्या मिनिटांतच कळतें आणि पुढेंहि तेवढेंच कळत राहतें. कोड्याचा जो गाभा, म्हणजे मरणाच्या दारांत बुद्धीचा खेळ, तो त्या वेगांत हरवून गेला. आमची मूर्तिजापूरहून येणारी अरुंद रुळांची शकुंतला गाडी, आतां ती बंद पडली आहे, सुमारें पाऊणशें किलोमीटरांना कित्येक तास लावीत असे. त्या अवकाशांत उतारूंचीं उखाणे-कोडीं होऊन वर कापसाच्या भावाचीहि चर्चा होई. भयाला वेग लागतोच असें नाहीं. सावकाश जाणारी वेडी गाडी अधिक भयंकर झाली असती. 'द गन्‌स्लिंगर' हें तिसरें गीत यापेक्षां सरस. वीराचा एकटेपणा त्यांत ऐकूं येतो, पण शेवटीं समूहस्वर येऊन त्याचा एकटेपणा मोडून टाकतो. एकाकी मनुष्याच्या तोंडीं शंभर आवाज कां घालावे?

कथासाहित्याचा आधार आणखी दोन गीतांस आहे. 'बिनीथ दीज वेव्हज' हें मेलव्हिलच्या १८५१ सालच्या कादंबरींतील पांढऱ्या देवमाशाच्या मागें लागलेल्या कप्तानाचें, आणि 'डोरियन' हें ऑस्कर वाइल्डच्या डोरियन ग्रेचें, ज्याचें पाप आणि वार्धक्य त्याच्या चित्रावर उमटतें व चेहरा कोरा राहतो. यांपैकीं 'डोरियन' आम्हांस संचांतील सर्वांत बांधेसूद गीत वाटतें. तें सहा मिनिटांहून लांब असूनहि रेंगाळत नाहीं. वादन एका ठाशीव, कांहींशा कोरड्या ठेक्यावर धरलेलें आहे, चेहऱ्यासारखें निर्विकार. आणि पालट सारा गळ्यांत होतो, चित्रासारखा. दोन भागीदारांच्या स्वभावांतील भेदच येथें गीताचा आशय झाला आहे.

क्यूर्शच्या भाषेविषयींहि एक गोष्ट नोंदली पाहिजे. इंग्रजी ही त्याची मातृभाषा नव्हे. त्याच्या ओळी कागदावर वाचल्या तर कोठें विशेषण भलत्याच नामाला चिकटलेलें दिसतें, कोठें वाक्य अर्ध्यांत सुटतें. परक्या भाषेंत लिहिणाऱ्याचा जो अवघडलेपणा, त्याचा परिचय आम्हां हिंदी लोकांस पुरेपूर आहे. परंतु गातांना तो दीर्घ स्वर कोठें हवा हें अचूक ओळखतो, आणि अर्थाची लंगडी बाजू नादानें सांवरून घेतो. आपल्याकडील कित्येक नाट्यपदांची तरी याहून निराळी स्थिति कोठें आहे?

राहतां राहिलीं संथ गीतें. सर्वसाधारण श्रोता या प्रकारच्या संचांत संथ गीत म्हणजे विसाव्याचा ओटा समजतो. आमचें मत उलट आहे. 'सीझ द डे', 'विकेड विच' आणि 'डाउन व्हेअर आय ॲम' या तीन ठिकाणींच पहिल्या संचांतील तो जुना स्नेह पुन्हा हातीं लागतो. शाफर मागें सरतो, थर उतरतात, आणि एका मनुष्याचा एकच आवाज, त्याच्या सगळ्या खरखरीसह, श्रोत्याच्या समोर येऊन उभा राहतो. इतरत्र काय झालें आहे तर कामाची वांटणी झाली आहे. वादनाचा भाग शाफरचा, तो निर्दोष. गायनाचा भाग क्यूर्शचा, तोहि निर्दोष. ड्रम वाजविणारा बॉबी जार्झोम्बेक तर पहिल्या संचांतील वादकापेक्षां कितीतरी चपळ. मुद्रण अधिक स्वच्छ आहे, प्रत्येक वाद्य निराळें ऐकूं येतें. पण पहिल्या वेळीं दोघे एका खोलींत बसून भांडत होते असें वाटे. या वेळीं दोघांनीं आपापला हिस्सा वेळेवर पोंचता केला असें वाटतें. भाऊ विभक्त झाले आणि वाडा आंतून रंगवून घेतला, तशांतला प्रकार.

शेवटचें दहावें गीत त्यांचें नव्हेच. इंग्लंडच्या लेड झेपेलिन या वृंदाचें १९७० सालचें 'इमिग्रंट साँग' त्यांनीं पुन्हा गायिलें आहे. मूळ गीत दोन-अडीच मिनिटांचें, उत्तरेकडील चांच्यांच्या आरोळीसारखें. पुनरुक्तींत आरोळी आहे, चांचे नाहींत. नऊ स्वतंत्र गीतांच्या मागें हें शेंपूट कां लाविलें, कोण जाणे!

आमच्या महाराष्ट्रांत असला जोडसंसार कोणी केला आहे काय? याच प्रकारांत केल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. पण शेजारच्या, अधिक उग्र अशा 'डेथ मेटल' शाखेंत मुंबईच्या साहिल मखिजानें केला आहे. 'डीमॉनिक रेझरेक्शन' हा त्याचा मुख्य वृंद २००० सालीं निघाला. त्याबाहेर 'डीमनस्टीलर' या नांवानें त्यानें स्वतंत्र संच काढले, पहिला २००८ सालीं, दुसरा, 'धिस बर्डन इज माइन', २०१६ सालीं. या दुसऱ्यांत ड्रम वाजविण्यास त्यानें अमेरिकेच्या 'नाइल' वृंदांतील ग्रीक वादक जॉर्ज कोलियास यास घेतलें. मुंबईच्या एका तरुणाच्या रचनेवर जगांतील एक अग्रगण्य तालवादक साथ करितो, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र परीक्षणाच्या दृष्टीनें हा संसार निराळ्या जातीचा. येथें यजमान एकच, बाकीचे पाहुणे. पाहुण्यानें यजमानाशीं भांडावयाचें नसतें. कोलियासचे आघात अद्भुत आहेत, पण ते रचनेला वळण लावीत नाहींत, ती जेथें जाते तेथें तिच्याबरोबर धांवतात. भागीदारी बिघडली तर काय होतें हें क्यूर्श-शाफरांच्या दुसऱ्या संचांत दिसतें. भागीदारच नसला तर काय राहून जातें हें मखिजाच्या संचांत. आम्हांस मनापासून वाटतें कीं या कर्तबगार गृहस्थाला एकदां तरी बरोबरीचा, हट्टी सोबती मिळावा.

आतां त्या अप्रिय प्रकरणाकडे वळणें प्राप्त आहे. २०१० सालीं शाफरनें 'सन्स ऑफ लिबर्टी' या नांवानें आणखी एक उपवृंद काढून राजकीय मतांचा एक संच प्रसिद्ध केला होता. सरकारें आणि सावकार यांच्या गुप्त कारस्थानांवरील त्याचा विश्वास तेथें उघडपणें गाइलेला आहे. त्यानंतर २०२० च्या फेब्रुवारींत डीमन्स अँड विझर्ड्‌सचा तिसरा संच आला, आणि वर्ष उलटण्यापूर्वीं, ६ जानेवारी २०२१ रोजीं, वॉशिंग्टन येथें अमेरिकेच्या संसदभवनांत जो जमाव घुसला त्यांत शाफर होता. अस्वलांस पळविण्याचा तिखट फवारा त्यानें जवळ बाळगला होता. एप्रिलांत त्यानें न्यायालयापुढें गुन्हा कबूल केला. २०२४ सालीं त्यास कैदेऐवजीं देखरेखीची शिक्षा झाली, आणि जानेवारी २०२५ मध्यें राष्ट्राध्यक्षांनीं त्या प्रकरणांतील इतर शेंकडों लोकांबरोबर त्यासहि माफी दिली. क्यूर्शनें मात्र कोणत्याहि न्यायालयाची वाट पाहिली नाहीं. २०२१ च्या फेब्रुवारीच्या आरंभींच त्यानें ही भागीदारी तत्काळ संपल्याचें जाहीर केलें. जोडसंसार मोडला.

कलावंताचें आचरण आणि त्याची कृति यांचा संबंध किती मानावा, हा वाद आमच्याकडे फडके-खांडेकरांच्या काळापासून वेगवेगळ्या रूपांनीं चालत आला आहे, आणि त्यांत दोन्ही पक्षांनीं एवढी शाई खर्च केली आहे कीं आम्ही त्यांत भर घालूं इच्छीत नाहीं. पण जोडकृतीच्या बाबतींत एक पेंच नवा आहे. एकट्याची कृति असेल तर ती घरांतून काढून टाकणारा आपल्या मर्जीचा मालक. दोघांच्या कृतींतून एकाला कसें काढावयाचें? शाफरचा भगण काढला तर क्यूर्शचा गळा अधांतरीं राहतो. ज्यानें ६ जानेवारीस कांहींएक केलें नाहीं, उलट मैत्री तोडण्याची किंमत दिली, त्याच्या वीस वर्षांपूर्वींच्या परिश्रमांस आपण शिक्षा करावी काय? आम्हांस ती शिक्षा अन्यायाची वाटते. पण कांहीं झालेंच नाहीं अशा निर्विकार कानांनीं हा संच ऐकावा, हेंहि आम्हांस साधत नाहीं. 'क्रिम्झन किंग' ऐकतांना, लाल राजाच्या जयघोषांत शेंकडों कंठ एक होऊन विरघळतात त्या जागीं, त्याखालीं दौडणारा हात कोणाचा आहे याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. एका सत्तेच्या नादीं लागून आपला निराळा आवाज गमावून बसणाऱ्यांचें गाणें ज्यानें रचिलें, तोच सोळा वर्षांनीं तशा जमावांत सामील झाला. गीत त्यामुळें वाईट झालें नाहीं. तें अधिक भयाण झालें.

घरांतील वडील माणसांनीं मुलांच्या कानांतील हें यंत्र हिसकावून घेण्यापूर्वीं एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसावें, असें आम्ही सुचवूं. आरंभ पहिल्या गीतानें करूं नये. सात मिनिटांच्या त्या दणक्यानें नवखा माणूस उठूनच जाईल. प्रथम 'डाउन व्हेअर आय ॲम' ऐकावें, मग 'डोरियन', आणि कान सरावल्यावर 'क्रिम्झन किंग'. त्यानंतर या गीतांच्या मागच्या गोष्टी मुलांनाच विचाराव्या. मनोऱ्याची, देवमाशाची, चित्राची. मुलगा ती गोष्ट सांगूं लागला तर त्यास थांबवूं नये, आणि ६ जानेवारीची गोष्ट त्यास ठाऊक नसेल तर ती आपण सांगावी. दहावें गीत लागण्याच्या आंत यंत्र बंद केलें तरी चालेल.